एक्केचाळिसावा चेंडू

१

क्रिकेटच्या व्हिडिओ गेममधली बोलिंग खरी वाटते ती चेंडूमुळे नव्हे, पायांमुळे. चेंडू कुणीही वळवतो, दोन आकडे बदलले की झाला स्विंग. पण धावत येणारा माणूस जमिनीवरून घसरतोय असं एकदा वाटलं की केलेलं सगळं मुसळ केरात. बारा वर्षं मी हेच काम करतोय आणि या एका बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

सकाळी दहाला स्टुडिओत आलो की बॅग ठेवायची, मशीन चालू करायचं आणि चहाच्या आधी एक ओव्हर टाकायची, हा माझा नेम. तीन चेंडू बघायचे, तीन डोळे मिटून ऐकायचे. आमचा बोलर सतरा पावलं धावतो. बाराव्या पावलाला एक बारकी उडी मारतो, मग पाच पावलं, आणि चेंडू सुटतो.

ती उडी माझ्या दादाची. लहानपणी तो घरातल्या घरात रन-अप घ्यायचा, स्वयंपाकघरातून निघून पॅसेजमधून बाहेरच्या खोलीत. बाराव्या पावलाला उंबरठा यायचा. पुढे मोठ्या मैदानांवर खेळला, पण उंबरठा काही त्याच्या पायातून गेला नाही. लोक हसायचे आणि मग त्याच्या चेंडूवर बाद व्हायचे.

वर्षभरापूर्वी मी त्याला आमच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत आणलं. अंगाला घट्ट बसणारा काळा सूट, त्यावर पांढरे मणी, भोवती चोवीस कॅमेरे. या खोलीचा एक नियम आहे. प्रत्येक चेंडूच्या आधी आणि नंतर माणसाने दोन्ही हात पसरून पाच सेकंद स्तब्ध उभं राहायचं. आम्ही त्याला ‘टी’ म्हणतो. शरीर इथे सुरू झालं, इथे संपलं, हे कॉम्प्युटरला त्यावरून कळतं. दोन्ही टी नसतील तर तो चेंडू घेतच नाही.

तेहतिसाव्या चेंडूपासून दादाची पाठ धरली होती. चाळीस झाले तेव्हा तो म्हणाला, बास. मी म्हणालो, “दादा, शेवटचा एकच.” त्याने माझ्याकडे बघितलं, मागे गेला, हात पसरून उभा राहिला आणि धावत सुटला. एक्केचाळिसावा चेंडू टाकला आणि पालथा पडला तो उठलाच नाही. मणक्यातलं काहीतरी सरकलं होतं. पाय गेले.

त्या चेंडूला शेवटची टी नव्हती. आणि तोच चेंडू सगळ्यांत चांगला होता. आता मी काय केलं ते सांगतो, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दादाला दवाखान्यात ठेवून चौथ्या दिवशी मी कामावर आलो, त्याचा सूट चढवला, हात पसरून पाच सेकंद उभा राहिलो आणि माझी टी त्याच्या चेंडूला चिकटवली. आम्ही सारख्या उंचीचे. फक्त माझा डावा हात पुरता वर येत नाही. नऊ वर्षांचा असताना कंपाउंडच्या भिंतीवरून पडलो होतो, तेव्हापासून तो दोन बोटं खालीच राहतो. पण गेममध्ये टी कुणाला दिसते? कॉम्प्युटरने चेंडू घेतला.

दादाला कळलं तेव्हा तो खूश झाला. “चला, पाठ गेली पण चेंडू राहिला,” असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. मी तिथे बसून पाणी पीत राहायचो.

२

आमच्याकडे गेम तपासायला एक बाई आहे. तिचा निर्णय बदलत नाही म्हणून सगळे तिला पंच म्हणतात. गेम बाजारात जायला महिना उरला होता तेव्हा एका सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली की तुझा दादा अठरा पावलं टाकतोय.

मी हसलो. म्हणालो, तुझा आकडा चुकला असेल. ती गेली नाही. मग मी एक चेंडू टाकला आणि मोठ्याने मोजलं. अठरा. दुसरा टाकला. अठरा. मूळ फाइल उघडली, एकेक पाऊल बोटाने मोजलं. सतरा. फाइलला हात कुणी लावला नव्हता, तिची तारीख आठ महिन्यांपूर्वीचीच होती.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” पंच म्हणाली आणि आपल्या वहीत लिहून घेऊन गेली.

दुपारी जेवताना वहिनीचा फोन आला. दादा रोज फिजिओकडे दोन दांड्यांच्या आधाराने चालायचा. तीन आठवडे तो सतरा पावलांवर अडकून पडला होता. आम्ही गंमतही करायचो की गड्याचा रन-अप तेवढा परत आला. वहिनीचा आवाज रडवेला होता, पण आनंदाने. “भाऊजी, आज अठरा टाकली त्यांनी,” ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की दोन आकडे जुळतायत हे सुचलंच नाही. खरंच नाही सुचलं.

३

दुसऱ्या दिवशी बोलर एकोणीस पावलं धावला. दुपारी दादा एकोणीस चालला. तिसऱ्या दिवशी वीस आणि वीस.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. योगायोग असतात. सरावाने माणूस रोज एक पाऊल पुढे जाणार, आणि गेममधला दोषही रोज एकेकाने वाढू शकतो. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? चौथ्या सकाळी मी बोलरची सुरुवातीची जागा सतरा पावलांवर ठोकून बसवली, कशानेही हलणार नाही अशी. तीन वेळा चालवून पाहिलं. सतरा, सतरा, सतरा. उडी बारावर. पंचने वहीतली ओळ खोडली.

दुपारी मी मुद्दाम फिजिओकडे गेलो. दादा दांड्यांमध्ये उभा होता, कपाळावर घाम. कालच्यासारखाच निघाला. सतरावं पाऊल टाकलं आणि पाय ओंडक्यासारखा जागीच राहिला. फिजिओने गुडघ्यामागे हात घालून पाहिलं, मग म्हणाला, होतं असं, एखादा दिवस वाईट. दादा माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला बघवलं नाही.

मी टॅक्सीने तडक स्टुडिओत परतलो आणि दुरुस्ती काढून टाकली. बोलर पहिल्याच चेंडूला एकवीस पावलं धावला. तासाभराने वहिनीचा फोन आला. दादाने घरी भिंतीला धरून पुन्हा प्रयत्न केला होता. एकवीस.

मग मी ठरवलं. शेंडी तुटो की पारंबी, दादा चालला पाहिजे. दोष सापडत नाही असं पंचला सांगितलं आणि तिच्याकडे न बघता चहा ढवळत बसलो.

४

बोलिंग करताना कॅमेरा बोलरच्या मागे असतो. चेंडू टाकून झाला की बोलर वळतो आणि आपल्या खुणेकडे, म्हणजे पडद्याकडे, आपल्याकडे चालत येतो. सतरा पावलांची खूण पडद्याच्या पुष्कळ आत होती. ती आता रोज एक पाऊल बाहेर येत होती.

चोवीसला त्याचे बूट पडद्याच्या खालच्या काठाला लागले. सव्वीसला नुसती छाती आणि डोकं उरलं. त्याचा चेहरा आम्ही कधी नीट बनवला नव्हता, लांबूनच दिसायचा म्हणून. डोळ्यांच्या जागी सपाट सावली होती. ती सावली रोज मोठी होत होती आणि मी रोज तिच्याकडे बघत होतो, कारण बघणं हे माझं काम होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी नव्हे, अठ्ठाविसाव्या पावलाच्या दिवशी, तो चालत आला आणि पडद्यातून नाहीसा झाला. मैदान रिकामं. क्षेत्ररक्षक वाट बघत उभे. मी कान दिला. पावलं थांबली नव्हती. एक माझ्या डाव्या कोपराजवळ वाजलं, एक खुर्चीच्या मागे. मग बुटाचे खिळे रोवून माणूस वळतो तसा कचकन आवाज, आणि पावलं परत पडद्याकडे. माझ्या कानाजवळून वारा गेला. बोलर खालच्या काठातून मैदानात शिरला आणि चेंडू टाकून मोकळा झाला.

मी स्पीकरची वायर काढली आणि पुन्हा टाकून पाहिलं. आवाज आला.

खोलीत गालिचा आहे, करडा, ऑफिसात असतो तसला. खुर्चीच्या मागे त्यावर बारीक भोकांचा एक पुंजका होता. वाळवी असेल, म्हणालो. वाळवी गालिचा खात नाही हे मला माहीत होतं. मी कपाट ओढून बाजूला केलं, कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवला आणि खुर्ची दोन वीत उजवीकडे सरकवली. दादाच्या वाटेत काही यायला नको, असं मनात आलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्या आठवड्यात पंच माझ्या खोलीत एकदाच बसली. एक चेंडू झाला आणि तिने कानावर हात नेला. “मी माझ्या टेबलावरून तपासते,” एवढं म्हणून गेली.

घरी पेढे वाटून दिवाळं निघायचंच बाकी होतं. दादा काठी न घेता फाटकापर्यंत जात होता. एका रविवारी मी समोर उभं राहून त्याची पावलं पाहिली. बाराव्याला त्याने उडी मारली. वाटेत उंबरठा नव्हता, साधी फरशी होती. वहिनी हसली. दादा हसला नाही.

५

गेम बाजारात जाण्याच्या आठ दिवस आधी मोठी चाचणी असते. वरच्या हॉलमध्ये ऐंशी खेळणारे बोलावले होते, दहा ते चार. पंच तिथे देखरेखीला होती. मी खाली माझ्या खोलीत होतो. सव्वाअकराला वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, हे थांबत नाहीयेत,” ती म्हणाली. “दहापासून चालतायत. या लवकर.”

मी पोचलो तेव्हा घराचं दार उघडंच होतं. दादा स्वयंपाकघराच्या ओट्यापासून निघायचा, पॅसेजमधून यायचा, बाराव्याला उडी, मग बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी थांबायचा. तिथे त्याचे हात वर जायचे. पसरायचे. एक श्वास तसाच उभा, की वळून परत. अनवाणी तळवे सोलवटले होते, फरशीवर ओले डाग पडले होते. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. आणि पाठ, तीच पाठ, दर फेरीला थोडी जास्त वाकत होती.

मी खिडकीपाशी त्याच्या समोर उभा राहिलो. तो आला, थांबला, हात पसरले. उजवा खांद्याच्या रेषेत. डावा दोन बोटं खाली.

दादाचे दोन्ही हात धड आहेत.

मी पंचला फोन लावला आणि म्हणालो, हॉलची वीज घालव, आत्ता, कारण नंतर सांगतो. तिने कारण विचारलं नाही. मी तिच्या बुटांचा आवाज ऐकला, मग खटका पडल्याचा, मग ऐंशी माणसांचा ओरडा. दादा एक पाय उचललेला तसाच थांबला. वहिनीने मागून त्याला धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं.

वहिनी त्याचे तळवे पुसत होती.

“बारक्या,” तो शेवटी म्हणाला, “आज मला किती जणांनी खेळवलं?”

मी सगळं सांगितलं. सतरा, अठरा, दुरुस्ती, ती काढून टाकली ते, आणि टी. टीचं सांगताना मला रडू आलं. आठ महिने हे बोलायचं होतं आणि बोलायची हिंमत नव्हती. पुढच्या आठवड्यात गेम लाखो लोकांच्या हातात जाणार होता. ऐंशी जणांनी दोनेक तासांत हे केलं होतं. मी म्हणालो की तो चेंडूच काढून टाकतो.

“आणि मग मी किती चालेन? शून्य?”

मला माहीत नव्हतं. म्हणालो, काहीतरी करू, पण तू चालत राहशील असंच करू. मी हट्टाने बोलत होतो, दादाच्या पायांवरचं रक्त दिसत असूनही. त्याने हात वर करून मला गप्प केलं.

“हे चालणं माझं नाही रे. माझं असतं तर मला थांबता आलं असतं.” मग म्हणाला, “तू शेवटचा एकच म्हणालास. मी टाकला. आता त्याचा शेवट मला करू दे. चेंडू राहू दे, टी माझी लाव.”

वहिनीने तळव्यांना पट्टी बांधली आणि गाठ दोनदा मारली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला दादा कॅमेऱ्यांच्या खोलीत उभा होता, सूट चढवून. पंच दाराशी उभी होती, वहिनी भिंतीला टेकून. मी मशीनपाशी.

जिथे चेंडू संपला होता तिथूनच सुरू करायचं होतं. म्हणजे पालथं पडून. त्या जागेवरची चिकटपट्टी केव्हाच काढली होती, फरशी सगळीकडून सारखीच काळी. दादाने इकडेतिकडे बघितलंही नाही. दहा पावलं चालला, वाकला आणि पालथा झोपला. मी जुनं चित्र पडद्यावर लावलं. हाताचं बोटही इकडचं तिकडे नव्हतं.

“चालू आहे?” त्याने जमिनीशी तोंड ठेवून विचारलं. मी हो म्हणालो.

तो उठू लागला. आधी कोपरं, मग एक गुडघा. वहिनी पुढे झाली तशी पंचने तिचा दंड धरला. दादा उभा राहिला, श्वास घेतला आणि हात पसरले. दोन्ही सरळ, एका रेषेत.

मी सेकंद मोजायला लागलो. एक.

बाहेर कॉरिडॉरच्या टोकाला कुणीतरी धावायला लागलं.

पंच दारातच होती. तिने बाहेर बघितलं आणि डोळे मिटून घेतले. दोन. खिळ्यांच्या बुटांचा तो आवाज मी बारा वर्षांच्या नोकरीनंतर कुठेही ओळखला असता. मला वाटलं ओरडावं, दादा, हात खाली घे. पण त्याने माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच, आणि मी मोजत राहिलो. तीन. पावलं दाराशी आली, मधेच एक चुकली, म्हणजे उडी. वहिनीची ओढणी हलली. चार. काळ्या फरशीवर एकामागून एक पाच जागी बारीक धूळ उडाली, शेवटची दादाच्या पायांशी.

दादाला समोरून कुणी घट्ट मिठी मारावी तसा धक्का बसला. हात हलले नाहीत.

पाच.

“कट,” मी म्हणालो, आणि तो मटकन खाली बसला.

७

गेम बाजारात जाऊन आता तीन महिने झाले. बोलिंगबद्दल लोक चांगलं बोलतात. पाय खरे वाटतात म्हणतात. बोलर सतरा पावलं धावतो, कमी नाही, जास्त नाही.

दादाही सतरावर परत आला. पंधरा दिवस तसाच होता. मग फिजिओकडे दात ओठ खात त्याने अठरावं टाकलं, दोन दांड्या धरून, आणि त्या दिवशी मी गेमकडे धावत जाऊन बोलर मोजला. सतराच. अठरावं पाऊल दादाचं स्वतःचं होतं. परवा तेवीस झाली. उडी नाही मारत आता. मी घरी गेलो की तो सांगतो, बारक्या, बस, बघ, आणि मी बसून बघतो. इतकं समाधान मला कशाने मिळालेलं नाही.

माझी ती जुनी टी मी त्याच दुपारी चेंडूपासून तोडली. पुसून टाकली, कचऱ्यातूनही काढली. पाच सेकंदांचा तुकडा, त्याच्या आधी ना चेंडू, ना रन-अप, ना सुरुवात. नुसता शेवट.

स्टुडिओच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत बावीस पावलं आहेत. बारा वर्षांत मी ती कधी मोजली नव्हती, आता मोजतो. गेल्या महिन्यापासून बाराव्याला माझा पाय आपोआप उचलला जातो. खुर्चीपाशी पोचलो की खांदे वर ओढले जातात. उजवा हात मी बॅगेच्या पट्ट्यात अडकवून ठेवतो. डावा धरावा लागत नाही, तो पुरता वर येतच नाही.

दादाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्याला त्याची पावलं मोजू दे. खुर्ची मी जमिनीला स्क्रूने बसवून घेतली आहे, दार होतं तिथेच आहे.

आज सकाळी माझी सव्वीस झाली.